हिरीबाईची साक्ष

रविवार उजाडला की हिरीबाईला धास्ती पडायची. देवाला ती घाबरत नव्हती, देव तिला आवडायचा. ती घाबरायची चुडामण मास्तरला. पाड्यातली ख्रिस्ती घरं इनमिन पाच, प्रार्थनेची जागा म्हणजे कुडाच्या भिंती नि वर गवत, पण बाहेरगावचं कुणी उपासनेला आलं की मास्तर हटकून म्हणायचा, "हिरीबाई, उठा. पाहुण्यांना तुमची साक्ष सांगा." मग हिरीबाई उठायची, डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि सांगायची: नवरा तापानं पडला होता, शेत तसंच पडलं होतं, मी प्रार्थना केली आणि देवानं माणसं पाठवली. एवढं बोलून मान खाली घालून बसायची. पाहुणे म्हणायचे, केवढा विश्वास, आणि बाई किती नम्र! नम्र कसली डोंबलाची. बाई शरमेनं अर्धी होत होती.

झालं होतं ते असं.

हा पाडा नवापूरच्या डोंगरात, गुजरातेच्या हद्दीला चिकटून. काळ साहेबाच्या राज्याचा, एकोणीसशे तीसच्या आसपासचा. मीठ-मिरची हवी तर विसरवाडीच्या बाजाराला जायचं, बाकी सगळं रानातलं नि वावरातलं. हिरीबाई अंगापिंडानं दणकट, आवाज असा की नाल्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडची गुरं मान वर करायची. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली होती, सून आणली का बैल? सासू गेली, दोन लेकी लग्न होऊन गेल्या, आणि घरात उरले हिरीबाई नि तिचा नवरा रायसिंग. दोघांनी बरोबरच बाप्तिस्मा घेतला. रायसिंगनं आधी ऐकलं, हिरीबाईनं मागाहून, पण धरलं ते तिनं जास्त घट्ट.

बाकी सगळं निभावलं. भगताकडं जाणं सुटलं, दारू सुटली. अडलं ते लाहेपाशी. लाह म्हणजे काय, तर एकाच्या वावरात अख्ख्या पाड्यानं राबायचं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याचं वावर त्यानं जेवण घालायचं आणि मोहाची दारू पाजायची. पण प्यायच्या आधी धार टाकायची. घरधन्यानं बांधावर उभं राहून पहिली धार जमिनीवर सोडायची, देवाच्या नि पूर्वजांच्या नावानं. आणि ती घरच्याच हातानं. परक्याचा हात तिथं चालत नाही. ख्रिस्ती झालेल्यांनी धार बंद केली, तर पाडा म्हणाला, तुम्ही आमच्या देवाला विचारत नाही, मग आमचे हात कशाला मागता? त्यांचंही काही खोटं नव्हतं. पाच घरांनी आपसांत ठरवलं, आपण एकमेकांचं करू. कोरड्या दिवसांत बोलायला काय जातं!

त्या वर्षी पाऊस आला तो सगळ्यांच्या वावरात एकदमच आला. पाचही घरं आपापल्या चिखलात अडकली. त्यात रायसिंगला हिवतापानं धरलं. माणूस असा थडथड उडायचा की खाट वाजायची. भाताची रोपं तयार झाली, उंच झाली, मग पिवळी पडायला लागली. भाताचं रोप काही पाहुणा नाही, दारात थांबायला. वेळेत उपटून लावलं नाही तर त्याला कांडं धरतं, आणि मग लावलं काय नि गुरांना घातलं काय, सारखंच. हिरीबाई सकाळी प्रार्थना करायची, दुपारी करायची. मास्तर येऊन करून गेला. एकटीनं जेवढं लावता आलं तेवढं लावलं, ते वावराच्या एका कोपऱ्यात मावलं.

तिची थोरली जाऊ भुरीबाई शेजारीच राहायची. तिनं काही देव बदलला नव्हता. बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं, तुझा देव चिखलात उतरतो का? उतरत असेल तर सांग. माझंही एक वावर राहिलंय."

"थट्टा करू नको, बाई."

"थट्टा कोण करतंय? रोपं बघ तुझी. आणि आत तो माझा दीर, त्याला काय पाला शिजवून घालणार आहेस वर्षभर?" भुरीबाई तोंडाची फटकळ, पण दिराचा ताप बघून तिचाही जीव खालीवर होत होता. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून बोलली, "माझ्या माहेरची माणसं आणते. डोंगरापलीकडची. इथं कुणाला कळायचं नाही. मोहाची मी देते, तू मला तुझी सुकवलेली फुलं दे. तू फक्त धार टाक."

हिरीबाई नाही म्हणाली. ठणकावून म्हणाली. आणि दुसऱ्या सकाळी रोपांचे वाफे बघून आली, घरात गेली आणि मोहफुलांची टोपली उचलून जावेच्या ओसरीवर नेऊन ठेवली.  भुरीबाईनं ती आत नेली.

माणसं आली. डोक्यावर पळसपानांची इरली, पावसात गात गात आली, आणि बघता बघता वावर हिरवं व्हायला लागलं. दुपारी भुरीबाईनं मडकं आणून बांधावर ठेवलं. सगळे हात धुऊन उभे राहिले आणि हिरीबाईकडं बघायला लागले. हिरीबाईनं डोळे मिटले, जणू आपण डोळे मिटले की देवालाही दिसायचं नाही. मडकं कललं. धार पडली. पावसाच्या पाण्यात मिसळून बांधावरून वाहून गेली, आणि माणसं हसत खेळत प्यायला बसली.

ती घरी पेज करायला आली तर रायसिंग खाटेवर उठून बसलेला.

"गाणं कुणाचं येतंय? कोण आलंय?"

"माणसं आलीत. लावणी चाललीय."

"कुणी बोलावली?"

आता बोलायचं ना? हीच तर वेळ होती. पण त्याचं तोंड बघून तिची जीभ उचलेना. "कुणी म्हणजे? आली," ती म्हणाली.

रायसिंग ढसाढसा रडला. म्हणाला, मी सकाळपासून हेच मागत होतो. त्यानं वाटीभर पेज मागून प्यायली. कित्येक दिवसांत पोटात अन्न ठरलं नव्हतं, ते त्या दिवशी ठरलं, आणि तिथून तो सुधारतच गेला. ज्या माणसाला तुमच्या खोट्यानं पेज पचते, त्याला खरं कसं सांगायचं, सांगा बरं! हिरीबाईनं उद्यावर टाकलं. उद्याचं परवावर गेलं. तेवढ्यात रायसिंगनं मास्तरला सांगितलं, आणि मास्तरनं रविवारी तिलाच उभं केलं.

त्या लोकांचं घरचं बोलणं मावची बोलीत, पण देवाशी नि मंडळीशी बोलायचं ते मराठीत, मास्तरनं शिकवलेल्या. हिरीबाई त्या मराठीतच बोलली. प्रार्थना केली होती, हे खरं. माणसं आली होती, हेही खरं. मधलं तेवढं गाळलं. घरच्या बोलीत सांगायचं असतं तर जीभ वळलीच नसती, पण परक्या भाषेत ते सुळसुळ निघालं. आणि एकदा निघालेली गोष्ट काय परत आत जाते? चुडामण मास्तर कोरीट गावाकडचा, साधा, भोळा, पायाला भिंगरी लावलेला माणूस. त्यानं ती साक्ष डोंगरातल्या गावागावांत नेली. बायका हिरीबाईला बाजारात थांबवून विचारायच्या, तूच का गं ती?

इथवर एक वेळ चाललं असतं. स्वतःशीच कुढत ती मेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मोगराबाईनं बाप्तिस्मा घेतला.

मोगराबाई नाल्याच्या खालच्या अंगाला राहायची. नवरा रानात झाड अंगावर पडून गेला, पदरात दोन कच्चीबच्ची. देवाकडं ती आली ती हिरीबाईची साक्ष ऐकून. तसं ती सगळ्यांना सांगायचीही, "हिरीकाकीसाठी त्यानं केलं, तर माझ्यासाठी का नाही करणार?" हिरीबाई हे ऐकायची आणि काहीतरी काम काढून उठून जायची.

पाऊस पडला, रोपं वर आली. मोगराबाईकडं ना बैल, ना माणूस. एका दुपारी ती हिरीबाईच्या ओसरीवर येऊन बसली. हिरीबाई नागलीचं पीठ मळत होती.

"काकी, एक विचारू? त्या वर्षी तू किती थांबली होतीस? माझी रोपं आता पिवळी दिसायला लागलीत. दीर म्हणतो, लाह घालतो, फक्त धार टाक. मी नाही म्हटलं. पण किती थांबायचं असतं, ते कळत नाही."

अगं बये, तोंड होतं ना तुला? पिठात होते ते हात होते, तोंड तर मोकळं होतं! पण हिरीबाई काय म्हणाली, तर, "विश्वास ठेव, पोरी." मोगराबाईचा चेहरा उजळला. ती पाया पडून गेली. हिरीबाईनं त्या पिठाच्या भाकरी केल्या, रायसिंगला वाढल्या, आणि स्वतः न जेवताच उठली. तिची रोपं वाया जाईनात, माझं काय जातं, असं म्हणणारी बाई ती नव्हती. पोरं दोन, वावर एक, आणि ते पडलं तर ती पोरं माझ्या एका शब्दानं उपाशी मरणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती नाल्याच्या काठाकाठानं खाली गेली. मोगराबाई एकटीच चिखलात वाकलेली. कुदळीनं खणायची, पायानं तुडवायची, मग चार मुठी लावायची. बांधावर तिचा दीर दिवाल्या उभा होता. तोही बिचारा वाईट नव्हता, वैतागलेला होता.

"वहिनी, तुझं काही घेत नाही मी. वावर तुझंच, भात तुझा. तू नुसती धार टाक, उद्या माणसं उभी करतो."

"हिरीकाकीनं टाकली नव्हती. मीही टाकणार नाही."

दिवाल्यानं वळून हिरीबाईला बघितलं आणि हात जोडले. "तूच सांग हिला. तुझं ऐकते ती. भावाची पोरं आहेत माझ्या, डोळ्यांदेखत मरू देऊ काय?"

हिरीबाई बांध उतरून चिखलात गेली. लुगडं भिजलं तरी तिला कळलं नाही. मोगराबाईच्या समोर उभी राहिली आणि त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाली, "मोगरा, मी धार टाकली होती."

मोगराबाईला आधी उमगलंच नाही. मग हिरीबाईनं सगळं सांगितलं, जावेच्या माहेरची माणसं, मडकं, बांध, सगळं.

मोगराबाईच्या हातात रोपांची जुडी होती. ती तशीच धरून तिनं विचारलं, "म्हणजे तो आला नव्हता? तुझ्यासाठीसुद्धा?"

 हिरीबाई म्हणाली, "मला काय माहीत, पोरी! मी थांबलेच नाही. आला असता की नसता आला, ते मला आता कधीच कळायचं नाही."

मोगराबाईनं ती जुडी खाडकन तिच्या तोंडावर फेकली. "जा," ती ओरडली, "माझ्या वावरातून चालती हो!"

हिरीबाई तोंडावरचा चिखल न पुसता बांधावर चढली. दिवाल्या हळूच म्हणाला, "झालं ना आता? मग आणू माणसं?"

मोगराबाईनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले. हिरीबाईला वाटलं, आता ही हो म्हणणार, आणि म्हणाली तर तिचा काय दोष? देवासमोर धार टाकणारा तो हात तिचा नसेल, माझाच असेल.

"नाही," मोगराबाई म्हणाली.

"अगं, आता कशाला नाही? ऐकलंस ना आपल्या कानानं?"

"ऐकलं. हिची गोष्ट खोटी निघाली. त्याची अजून निघाली नाही." आणि ती फेकलेली रोपं गोळा करून पुन्हा वाकली.

हिरीबाई घरी आली आणि रायसिंगला खाटेवर बसवून तेच सगळं पुन्हा बोलली. रायसिंग ऐकत राहिला. "म्हणजे ज्या गाण्यावर मी उठलो," तो म्हणाला, "ते मोहाच्या दारूचं होतं." ती हो म्हणाली. तो काही ओरडला नाही, मारायला धावला नाही. धावला असता तर बरं झालं असतं, असं हिरीबाईला वाटलं. तो उठला, बैल सोडले, जू मानेवर ठेवलं आणि स्वतःच्या वावराकडं न वळता नाल्याच्या खालच्या वाटेला लागला. हिरीबाई मागून मुकाट चालली.

मोगराबाईनं त्यांना अडवलं नाही, या असंही म्हटलं नाही. रायसिंगनं चिखल केला, दोघींनी लावलं, एकीनं ह्या टोकाकडून, दुसरीनं त्या टोकाकडून. वावर पुरं होईपर्यंत तिघांत कामापुरतं बोलणं. तोवर हिरीबाईची स्वतःची रोपं कांडं धरून बसली. तुम्हाला वाटत असेल, मग देवानं तिच्या वावरात माणसं पाठवली असतील. काही पाठवली नाहीत. उशिरा लावलेलं भात नुसतं उंच वाढलं, आणि कापलं तेव्हा पेंढा गाडीभर नि दाणे सूपभर.

रविवारी मास्तरनं सांगायच्या आधीच ती उभी राहिली होती. ह्या वेळी मराठी नाही, मावचीत बोलली, आणि गाळलेलं सगळं भरून काढलं.  चुडामण मास्तर मटकन खाली बसला आणि त्याच्या तोंडून त्याची घरची अहिराणी निघाली, "आते मी लोकेसले काय सांगू, बाई? काय तोंड दखाडू?" बिचारा पुढं कितीतरी दिवस गावोगाव फिरून ती साक्ष परत घेत होता. सांगायला गेला तेव्हा लोकांनी भाकरी वाढली होती. परत घ्यायला गेला तेव्हा पाणीसुद्धा विचारलं नाही. हिरीबाईला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. ती दाराशी बसायची, सगळे प्रभूची भाकर घ्यायला पुढे जायचे, आणि ती जमिनीकडं बघत राहायची.

कबूल केलं की मन हलकं होतं म्हणतात. कोण म्हणतं? हिरीबाईचं तर जड झालं. आधी एकट्या देवापुढं मान खाली होती, आता सगळ्या गावापुढं झाली. रायसिंग एका शब्दानंही टोचून बोलला नाही, पण प्रार्थनेला बसला की मध्येच थांबायचा. कशावर विसंबून होतो हेच जणू चाचपून बघायचा. त्याच्या त्या थांबण्याचा तिला घोर लागला. भुरीबाई तेवढी म्हणाली, "एवढ्या धारेचं एवढं मोठं करून ठेवलंत, धन्य आहे बाई तुमची." पण तीही हसली नाही.

हिवाळा लागला. सूपभर दाणे कधीच संपले होते. रायसिंग लाकडं तोडायला रानात जायचा, हिरीबाई कंद खणून आणायची, नागलीच्या पिठात पाणी वाढत चाललं होतं. मागायला ती कुणाच्या दारी गेली नाही. कुठल्या तोंडानं जायचं? मला हे भोगायलाच हवं, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्यात तिला एक प्रकारचं बरंही वाटत होतं.

एका सकाळी मोगराबाई अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत कांडलेला तांदूळ. पावसाळ्यापासून दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"आत ये," हिरीबाई कशीबशी म्हणाली.

"येत नाही. हे घे."

"पोरी, पोरांच्या तोंडचं..."

"घे म्हटलं ना! आणि मी आणलंय असं समजू नको." मोगराबाईचे नाकडोळे रागानं लाल झालेले. "मला यायचंच नव्हतं. तुझ्यावरचा राग माझ्या मनात अजून जशास तसा आहे. सकाळी तांदूळ पाखडत होते, तर मनात आलं, काकीकडं काय असेल? मी म्हटलं, नसेना का, मरू दे तिला. पाण्याला गेले, तर पुन्हा तेच. पोरांना वाढायला बसले, तर पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, देवा, अख्ख्या डोंगरात तुला दुसरं कुणी सापडलं नाही का? तर गप्प! म्हणून आले. नाहीतर मी कशाला आले असते?"

हिरीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती ती तिथंच खाली बसली. एवढी दणकट बाई, पोरासारखी मोठ्यानं रडली. ह्या वेळी तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. कशाची धार टाकली नव्हती, मागितलंही नव्हतं. आणि आलेलं माणूस तर यायला तयारच नव्हतं.

"रडतेस काय?" मोगराबाई खेकसली. तिचाही आवाज ओला झाला होता. "भांडं आण लवकर. टोपली मला परत पाहिजे."

रायसिंग आत सगळं ऐकत होता. हिरीबाई उठायच्या आत तोच भांडं घेऊन बाहेर आला, आणि त्यानं ते दोन्ही हातांनी मोगराबाईच्या पुढं धरलं.